देवाला दिलेला कूलर

माझा थोरला भाऊ त्यागावर तासभर बोलू शकतो. प्रत्यक्ष त्याग करायची वेळ आली की घरात आणखी कोण आहे, हे तो आधी बघतो.

सोलापुरातल्या आमच्या चर्चच्या मंडळीत तो पंच आहे. त्या वर्षी गुड फ्रायडेच्या दुपारच्या उपासनेत त्याला उपदेश करायला मिळाला होता. विषय होता, अर्पण आणि आज्ञापालन. आरशासमोर उभा राहून तो रोज बायबलमधल्या अब्राहामासारखा सुरीचा हात उगारतो, असं वहिनीनंच मला फोनवर सांगितलं होतं.

मी कुर्डुवाडीहून सकाळच्या गाडीनं आले आणि आधी घरी गेले. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई मागच्या पत्र्याच्या खोलीत पडून असायची. घरचे सगळे चर्चला गेले होते. आई ओल्या टॉवेलनं तोंड पुसत होती. मी तिला घेऊन दिलेला कूलर खिडकीत नव्हता. तिथल्या भगदाडातून एप्रिलच्या झळा आत येत होत्या.

“कूलर कुठं गेला?”

“चर्चला दिला त्यानं. दान,” आई म्हणाली. “तितला बिघडलाय म्हनं.”

“तुला विचारलं?”

“मला काय इचारायचं? देवानं त्याच्या मनात घातलं. न्हाई म्हनून पाप कुठं घेऊ?”

शेजारणीला आईपाशी बसवून मी रिक्षा केली.

भाऊ पुलपिटावरून बोलत होता. कूलर शेजारीच उभा होता आणि त्याचा वारा थेट भावाच्या अंगावर येत होता. म्हातारी माणसं मागच्या बाकांवर पुठ्ठ्यानं वारा घेत होती. भाऊ रंगात आला होता. “देवानं मागितला म्हणून अब्राहामानं आपला लाडका पुत्र बळी द्यायला नेला! का म्हणून विचारलं नाही! प्रश्न न विचारणं हेच आज्ञापालन, बंधुभगिनींनो!”

ही गोष्ट मी संडेस्कूलपासून ऐकत आले आहे. होमाची लाकडं त्या पोराच्याच पाठीवर होती, यावर आमच्याकडे कुणी उपदेश करत नाही. आणि देवाची शेवटची आज्ञा तर हात आवर, अशी होती. बापानं ती ऐकली, म्हणून पोरगा वाचला. माझ्या भावाला ती ऐकूच आली नसती. बोलताना त्याला स्वतःशिवाय कुणाचाच आवाज ऐकू येत नाही.

मी पुढं गेले आणि प्लग काढला. पंखा घरघरत थांबला.

“देवाला दिलेलं परत नेतेस?” तो माइकवरच म्हणाला.

“आईचं आहे ते. तुला द्यायचंच असेल तर तुझ्या बेडरूममधला एसी दे.”

मागं कुणीतरी खोकलं. पहिल्या रांगेतल्या बायांनी पदर सावरले. चर्चचे म्हातारे पाळकसाहेब खुर्चीतून उठले. मला वाटलं, आता मलाच बाहेर काढणार. ते भावाला म्हणाले, “शौल राजाला देवानं लुटीतलं काही ठेवू नको म्हणून सांगितलं होतं. त्यानं चांगली मेंढरं ठेवली आणि पकडला गेल्यावर म्हणाला, देवाला अर्पण करायला ठेवलीत. देवानं त्याला टाकलं. तुमचा उपदेश झाला असेल तर बसा.” मग दोघा तरुणांना त्यांनी कूलर रिक्षापर्यंत न्यायला लावलं.

आईनं माझी बाजू घेतली नाही. “चारचौघांत भावाची लाज काढलीस,” असं म्हणत राहिली. कूलर सुरू झाल्यावर बोलता बोलताच तिला झोप लागली.

ईस्टरच्या उपासनेत भावानं सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष दिली. सख्ख्या बहिणीच्या हातून देवानं आपली परीक्षा घेतली आणि आपण तिला क्षमा केली, असं तो डोळे पुसत म्हणाला. लोकांनी आमेन म्हटलं. डोळे कोरडेच होते. मी बाजूलाच बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी आईला कुर्डुवाडीला न्यायला जीप बोलावली. “आई माझी जबाबदारी आहे,” असं तो दारात उभा राहून गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला. आईला उचलायची वेळ आली तेव्हा तो फोनवर बोलत आत निघून गेला. ड्रायव्हरनं आणि मी तिला उचललं.