नमुना घेतला की चालणारा ट्रॅक्टर

अन्याय झाला तो माझ्या मोठ्या काकांवर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, भडगावच्या रस्त्यावर. केळीचे घड भरलेली ट्रॉली ओढत निघालेला त्यांचा पेट्रोलवरचा म्हातारा ट्रॅक्टर थोडं अंतर गेला आणि ठसकत बंद पडला. व्यापाऱ्याचा ट्रक फाट्यावर उभा. दुपारी तो निघणार म्हणजे निघणार, आणि उन्हात काळी पडलेली केळी मग कोण घेतो?

"पंपवाल्याने पेट्रोलमध्ये भेसळ केली!" मी जाहीर केलं. मनात पत्रक छापूनही झालं.

कार्बोरेटरखालचा स्क्रू सैल केला. पेट्रोल आधी धारेनं आलं, मग थेंब थेंब. गाळणी काढली, तर ती स्वच्छ. नळी तोंडाने फुंकली आणि पेट्रोलने मिशी धुऊन घेतली. शेवटी पुराव्यासाठी टाकीचं झाकण उघडून बाटलीत नमुना घेतला. उघडताना फुस्स आवाज झाला. तोही मी पंपवाल्याच्याच खात्यावर मांडला.

नमुना घेतला की ट्रॅक्टर सुरू. झाकण लावून जरा पुढे गेलो की बंद. पुन्हा नमुना, पुन्हा सुरू. तिसऱ्या बाटलीला काका कडाडले, "ओ पुढारी! बठ्ठं पेट्रोल बाटल्यासमा भरशी, मंग घड काय डोकावर लई जाऊ?"

"नाना, पुरावा लागतो!"

"तू झाकण काढस तवयच हाऊ चालस. आखो कोणता पुरावा जोयजे तुले?"

मी झाकण निरखून पाहिलं. हवेच्या बारीक भोकावर कुंकवाचा वाळलेला लगदा. वरून हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. आदल्या दिवशी ट्रॅक्टर पुजताना काकूने एक बोट टेकवायला सांगितलं होतं. फोटोत उठून दिसावं म्हणून मी कुंकवाचा अख्खा पंजा झाकणावरच थापला.

बाभळीच्या काट्याने भोक कोरलं. फाट्यावर पोचलो तेव्हा ट्रकवाला दोर आवळत होता. शिव्या देत त्याने तो सोडला आणि आमचे घड चढले.

"आते मोर्चा कोनवर?" काकांनी सगळ्यांदेखत विचारलं. मी घडांना खांदा लावला. तेवढंच तोंड लपलं.

तर ट्रॅक्टर पुजणाऱ्या बांधवांनो, उठा आणि आजच टाकीचं झाकण तपासा. भोक मोकळं करा. तरीही गाडी अडली, तर घोषणा द्यायला मी येतो. पण झाकण न बघता मला बोलवायचं नाही.