अण्णांच्या पंगतीतले दोन देश

निघोज्यातल्या आमच्या कंपनीत पाहुणे जेवायला येणार असले, की कॅन्टीनवाले अण्णा माणसं किती, हे नंतर विचारत. आधी विचारत, "यांचं आपसात बोलणं हाय ना?" गावातल्या त्यांच्या भावकीत निम्म्या घरांचा उरलेल्या घरांशी अबोला. अशा दोघांना पंगतीत शेजारी बसवलं तर दोघांचाही अपमान. अण्णांच्या लेखी सगळं जग ही एक मोठी भावकीच होती, आणि ती सांभाळायची जबाबदारी बहुधा त्यांच्यावरच टाकलेली होती.

अण्णांची थोडी जमीन कंपनीत गेली होती, म्हणून कॅन्टीनचं कंत्राट त्यांना मिळालं. उरलेल्या शेताच्या बांधावरून चुलतभाऊ निवृत्तीशी वाद होता. सरकारी मोजणी झाली, दगड रोवले गेले, पण निवृत्तीनं ते मानले नाहीत. तेव्हापासून बोलणं बंद. विहीर मात्र सामायिक. एकाची मोटर बंद झाली, की दुसऱ्यानं आपली पाळी आली असं समजायचं. एकदा मी म्हटलं, "अण्णा, तुम्हीच बोला की आधी." ते शांतपणे म्हणाले, "बोलू की, ताई. आधी बांधाचं ठरू द्या."

आमची कंपनी स्लोव्हेनिया आणि क्रोएशियातल्या दोन कारखान्यांनी भागीदारीत काढलेली. नकाशावर शोधायला चष्मा लागावा, एवढेसे हे देश. दोन्हीकडचे डायरेक्टर येणार होते. अण्णांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी खरं ते सांगितलं: दोन्ही देशांमध्ये एक खाडी आहे, तिच्यातलं कुठलं पाणी कुणाचं यावरून वाद आहे, लवादानं निकाल दिला, पण क्रोएशियाला तो मान्य नाही. अण्णांचा चेहरा गंभीर झाला. "म्हंजी मोजणी झाली, पण एकानं दगड मानलं न्हाईत," ते म्हणाले. मला हसू आलं, पण यात काही चुकीचं होतं असंही नाही.

पाहुणे आले त्या दिवशी कॅन्टीनमध्ये पाहते, तर दोन टेबलं दोन टोकांना. प्रत्येकावर वेगळा झेंडा, वेगळं पाण्याचं भांडं, वेगळा वाढपी. स्लोव्हेनियाचे यानेझ आणि क्रोएशियाचे इवो एकाच गाडीतून हसत उतरले आणि आत येऊन गोंधळले. आमचं काही चुकलं का, असं त्यांनी मला विचारलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण सगळं सांगावं लागलं. ते ऐकून इवो इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी स्वतःचं ताट उचललं आणि यानेझच्या शेजारी जाऊन बसले.

जेवता जेवता ते सांगत होते, मी अण्णांना मराठीत सांगत होते. दोन्ही देशांचं मिळून एक अणुवीजकेंद्र आहे, वीज निम्मी निम्मी वाटून घेतात. उन्हाळा लागला की यानेझच्या देशातले लोक इवोच्या देशातल्या समुद्राकाठी गर्दी करतात. खुद्द यानेझचं छोटं घर तिथेच आहे. माल तर रोजच इकडून तिकडे जातो.

अण्णा आमटीचा डाव हातात धरून उभे होते. "मग त्या पाण्याचं काय ठरलं?" त्यांनी विचारलं.

अजून काहीच नाही, असं इवोंनी सांगितलं.

"न ठरताच बोलत्यात?"

मी हे इंग्रजीत सांगितल्यावर दोघंही हसले. अण्णा हसले नाहीत. सगळ्यांना आमटी वाढली आणि आत निघून गेले.

त्या दुपारचा विषय अण्णांनी पुन्हा काढला नाही. गेल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. मी दहाव्याला गेले, तर विहिरीजवळ एक म्हातारा एकटाच बसला होता. तेच निवृत्ती. मी कंपनीतली, असं सांगितल्यावर त्यांनी मला बसायला सांगितलं.

म्हणाले, "मागं एका सांच्याला आला. हातात डबा. म्हनला, बांधाचं ऱ्हाऊ दे, आधी जेव. मंग रोजच याया लागला. बांधावर बसून बांधावरूनच भांडायचो आमी. लई भांडायचो."

मी विचारलं, शेवटी मिटलं का मग?

"न्हाई," त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "आन् आता भांडू कुनासंगं?"