मामाचा परत केलेला टेम्पो

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. कॉलेजची मेस मामानं बोकडं विकून भरली. म्हणून शेळ्या जवळा बाजार गावच्या जनावरांच्या बाजाराला न्यायला त्यानं कर्जावर टेम्पो घेतला, तेव्हा जामीनदार म्हणून मीच सही केली. सहीपुढं ‘बी.ए.’ लिहायला जागा नव्हती, याचं मामाला फार वाईट वाटलं.

पुढं हप्ते थकले आणि फायनान्सवाले टेम्पो ओढून न्यायला आले. मामानं त्यांना चहा पाजला, दुसरी किल्ली स्वतः शोधून दिली, वर स्टेपनीचीही आठवण केली. मला फोनवर म्हणाला, “मिटलं भाच्या. सौदा मोडला.” बाजारात जनावर परत गेलं की कुणी कुणाचं देणं लागत नाही; टेम्पोलाही त्यानं तोच कायदा लावला. मी पदवीधर, पण मलाही ते पटलं.

मग धाकट्या बहिणीचा नर्सिंगला नंबर लागला. शैक्षणिक कर्जात सहकर्जदार मी. बँकेतल्या साहेबांनी आधी कॉम्प्युटरकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “तुमचा क्रेडिट स्कोर पडलाय. टेम्पो लिलावात कमी पैशात गेला. उरलेलं कर्ज थकलंय आणि जामीनदार तुम्ही आहात.” प्रवेशाची मुदत तर तोंडावर आलेली.

मामा तापला. “गाडी बी त्यायनंच ठेवायची अन् पैसे बी त्यायलाच? अन् टेम्पो माझा, तुझी पत काहून पडली?”

“सही माझी हाय ना, मामा.”

“थांब, अर्ध्यात मिटवून येतो.”

मीही सोबत गेलो. फायनान्सच्या ऑफिसातले लोक अर्ध्यावर तयारही झाले. मामाची मान ताठ झाली. पण बँकेच्या साहेबांनी मला आधीच बजावलं होतं, की सूट घेऊन मिटवलं तर तशी नोंद राहते आणि ती बघून पुढची बँक नाक मुरडते. मी मामाच्या कानात सांगितलं.

“म्हंजे सस्त्यात सोडवलं तर बदनामी?”

“व्हय.”

ज्यानं जन्मात लिंबूसुद्धा सांगितल्या भावात घेतलं नाही, त्या माणसानं चांगल्या दुभत्या शेळ्या विकून सगळे पैसे भरले.

स्कोर काही लगेच चढला नाही. पण बाकी नसल्याचा दाखला पाहून साहेबांनी कर्ज मंजूर केलं आणि बहीण कॉलेजला गेली. आता मामाचा फोन आला की आधी तिच्या अभ्यासाची चौकशी होते. मग आजारी शेळीबद्दल विचारावं तशा आवाजात तो विचारतो, “अन् तुझा तो स्कोर? चारा खाऊन राहिला ना बराबर?”