दादाचा कैलास

बसूदादा पुण्यातल्या ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या गेला, हे रेणापुरात कुणाला पटेना. भेटायला येणारा जो तो हळूच विचारायचा, डोंगरावरून पाय घसरला का? माझा हा थोरला भाऊ जगभरातल्या हिमनद्यांवर काम करायचा खरा, पण कॉम्प्युटरवर. थंडीचं त्याला इतकं वावडं, की डिसेंबरात इथंही कानटोपी घालून जेवायला बसायचा...

हिवाळ्यात वर किती बर्फ साठतो, उन्हाळ्यात खाली किती वितळतो, याचं मॉडेल करतो, असं तो सुट्टीत घरी आला की सांगायचा. आम्ही माना डोलवायचो. अव्वा, म्हणजे आमची आई, गल्लीत सांगायची की लेक बर्फाच्या कारखान्यात आहे. दादाचा चेहरा एवढासा व्हायचा. घरातल्या एकाला तरी आपलं काम कळावं, एवढंच त्याला हवं होतं.

एकदा गणपतीत तो घरी असताना ‘मॉडेल’ हा शब्द मंडळापर्यंत पोचला. पोरं थर्माकोलचा कैलास करून मागायला आली. दादानं त्यांना सगळं गणित समजावलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि थर्माकोल किती आणायचा ते विचारलं. दादा निमूटपणे कामाला लागला, पण त्याच्या कैलासाला पायथ्याशी नुसता काळा खडक. देवाचं घर असं उघडंबोडकं कसं, म्हणून मंडळ चिडलं. आरती झाली की पोरं वर कापूस चिकटवायची, सकाळी दादा खालचा खरवडून काढायचा. सगळा गणेशोत्सव हेच चाललं. मीसुद्धा मंडळाच्या बाजूनं होते.

अव्वा खुर्ची टाकून रोज बघत होती. विसर्जनाच्या आदल्या दिवशी म्हणाली, "बसू, ही पोरं वर लावत्यात त्याच्यापेक्षा तू खालनं जास्त काढायलास. असं चाललं तर डोंगर पार उघडा पडंल की रं."

दादा बघतच राहिला. "अव्वा... हेच तर माझं काम हाय."

त्या दिवशी तो पोटभर जेवला आणि भेटेल त्याला ही गोष्ट सांगत सुटला. परदेशातल्या परिषदांहून आल्यावरही मी त्याला इतकं खूश पाहिलं नव्हतं. त्याची फार आठवण येते.

हल्ली दुपारी अव्वा त्याच्या खोलीत जाऊन बसते. परवा शिरूर अनंतपाळच्या मावशी भेटायला आल्या, त्यांनाही तिथंच बसवलं. बसवराज नेमकं काय करायचा, त्यांनी विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, तर अव्वानं हातानंच थांबवलं.

"जगातला बर्फ किती उरला, त्येचा हिशोब माझा लेक ठिवायचा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिनं हळूच विचारलं, "आता कोन ठिवतंय गं?"