तीन चाकं जमिनीवर

"तुझी टेप दे जरा," तो म्हणाला, तेव्हा ती कुणाच्यातरी पँटला चेन बसवत होती.

घरात दोन टेपा होत्या. एक त्याची, लोखंडी, सोडली की सर्रकन आत जाणारी आणि बेसावध बोटाला चावणारी. दुसरी तिची, कापडी, दिवसभर गळ्यात लोंबणारी. कपडे दुरुस्त करून देणं हा तिचा धंदा. गल्लीत तिला शिवणवालीच म्हणत. तो वेल्डर. लग्न झाल्यापासून त्यानं तिच्या टेपेला कधी हात लावला नव्हता. 'लोळणारं माप' म्हणायचा तिला.

"आज लोळणारं माप कसं काय चाललं?"

"लोखंड मोजायचं नाहीये. मला मोजायचंय."

तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. जमिनीपासून कोपरापर्यंत मोज, म्हणाला. मग कमरेपर्यंत. मग हात सरळ खाली सोडला तर बोटं कुठं पोचतात, तिथपर्यंत. ती गुडघ्यांवर बसून आकडे सांगत होती आणि तो ते खडूनं पत्र्याच्या तुकड्यावर लिहीत होता.

"जरा पुढं वाका. मागनं टेप धरता येत नाही मला."

"वाकायचं नाही म्हणून तर मोजतोय."

उभ्या उभ्याच त्याच्या छातीतून आधण आल्यासारखा आवाज येत होता. तिनं तो ऐकला आणि टेप परत गळ्यात टाकली.

कारखान्यात त्याला सगळे 'रेघ' म्हणत. त्याचा जोड असा यायचा, की पट्टी ठेवून ओढलाय. तेलाच्या मोठ्या टाक्या आतून जोडायच्या असत. आत उतरायची वेळ आली की बाकीच्यांना नेमकं पोटात दुखायचं, हा उतरायचा. आत धूर, बाहेर कौतुक. कारखाना बंद पडल्यावर कौतुक तिथंच राहिलं, धूर तेवढा त्याच्याबरोबर घरी आला. घरामागं पत्र्याची शेड घालून त्यानं स्वतःचं काम सुरू केलं, ते काही वर्षं चाललं. मग जिना चढताना थांबायला लागला. मग बुटाची नाडी बांधताना. शेवटी डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो दिव्यावर धरला आणि सांगितलं, धुरापासून लांब राहायचं, जड उचलायचं नाही, वाकायचं कमी करायचं.

"म्हणजे जगा म्हणाल्या, फक्त वेल्डिंग तेवढं करू नका," परत येताना तो रस्त्यात म्हणाला.

"त्यातलं पहिलं ऐका ना. जगा."

"जगून काय करू? तुझ्या पँटांना बटणं लावू?"

"लावा. मला मदत होईल."

लावली नाहीत. खिडकीशी खुर्चीत बसून राहिला, पाहुण्यानं विसरून गेलेल्या छत्रीसारखा. तिला त्याच्या खोकल्याचं भय वाटायचं, पण त्या खुर्चीचं जास्त वाटायला लागलं. म्हणून त्यानं गाडीचं काढलं, तेव्हा तिनं विरोध करायचा तितका केला नाही.

गाडी म्हणजे वेल्डिंगचं मशीन आणि गॅसचं सिलिंडर ठेवायची, चाकांची. त्याचा हिशोब सरळ होता. शेडमध्ये धूर कोंडतो, तर काम अंगणात करायचं. मशीन बाहेर उचलून न्यायची ताकद नाही, तर ढकलून न्यायचं. मशीनचा कप्पा तिरका, म्हणजे त्यावरचे आकडे उभ्यानं दिसतील. केबल अडकवायचे हुक कोपराशी, तारेचं रीळ कमरेशी, हातोडी आणि ब्रश बोटं पोचतील तिथं. वाकायचंच नाही. धूर काय, उघड्यावर वरच जातो.

वर जातो खरा, पण त्याच्या वाटेतच वेल्डरचं तोंड असतं, हे तिला कळत होतं. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला मागच्या दाराला लोखंडी जाळी करून हवी होती. "गाडी झाली की पहिलं काम तुमचं," असं यानं त्याला सांगून टाकलं, आणि त्या दिवशी तो चक्क दाढी करून जेवायला बसला. मग काय बोलणार?

चौकोनी पाइप त्याच्या धाकट्या भावानं आपल्या टेम्पोतून आणून टाकले.

"दादा, बाजारात तयार गाड्या मिळतात की."

"मिळतात. बुटक्यांसाठी."

"सांगाडा जोडताना उलटवायला लागेल ना तुला? हाक मार, मी येतो."

"का? मी मेलोय का?"

"वहिनी, बघितलंत? सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही."

"भाऊजी, तुम्ही चहा घ्या आणि जा," ती म्हणाली. "त्यांना खिजवू नका. खिजवलं की बोलतात आणि बोललं की दम लागतो."

शेडमध्ये काम सुरू झालं. तोंडावर काच, खाली लाकडी स्टूल. दोन स्टुलांवर सांगाडा आडवा. ती शिलाई मशीन मागच्या दाराशी ओढून बसली, म्हणजे लक्ष राहील. निळा उजेड व्हायचा, बंद व्हायचा. उजेड थोडा, थांबणं फार. थांबला की ती पायाखालचं मशीन थांबवून कान द्यायची. श्वास ऐकू आला की पुन्हा सुरू.

लोखंड कसं जोडतात हे तिला ठाऊक होतं. लग्नानंतर नवीन नवीन असताना त्यानंच सांगितलं होतं, ती पडद्यांना कच्चे टाके घालत असताना. आम्हीही आधी टाकेच मारतो, म्हणाला होता. सगळ्या कोपऱ्यांना एकेक टाका, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आडवं माप, मग पक्का जोड. तोही एका बाजूनं नाही. थोडा इथं, थोडा समोरच्या कोपऱ्यात, मग सांगाडा उलटवून खालच्या अंगाला तितकाच. कारण लोखंड तापलं की फुगतं, आणि निवताना आपल्याकडं ओढून घेतं. एकाच बाजूनं जोडलं तर सगळा सांगाडा त्या बाजूला ओढला जातो. "बायकोसारखं असतं," असंही तेव्हा म्हणाला होता, आणि तिनं त्याला गज फेकून मारला होता. शिवणाचा, लाकडी.

सांगाडा उलटवल्याचा आवाज काही तिला आला नाही. तिला वाटलं, आपण बाजारात गेलो तेव्हा उलटवला असेल. वाटून घेतलं, म्हणा.

खालून चाकं बसवून झाल्यावर त्यानं तिला हाक मारली. स्टुलांवरून गाडी खाली घ्यायला एक बाजू त्यानं तिला धरू दिली, तेवढीच. आधी एक टोक टेकवलं, मग तो बराच वेळ खांबाला धरून उभा राहिला, मग दुसरं. गाडी उभी राहिली. देखणी होती. मूठ बरोबर त्याच्या कोपराशी, कप्पा तिरका. जोड नेहमीसारखे रेघेत. त्यानं मुठीवर हात ठेवला आणि जरासं दाबलं.

टक.

मागचं डावं चाक जमिनीला लागलं. हात काढल्यावर वर उचललं गेलं.

त्यानं पुन्हा दाबलं. टक.

"फरशी वाकडी आहे," तो म्हणाला.

तिनं गाडी हातभर पुढं ढकलली. टक. दाराशी नेली. टक. तेच चाक. ज्या माणसानं उभ्या जन्मात कधी आपल्या चुकीचा दोष दुसऱ्यावर ढकलला नाही, तो शेडच्या फरशीकडं बघत उभा होता.

"हो," ती म्हणाली. "फरशीच वाकडी दिसतेय."

तो एकदम तिच्यावर ओरडला. "काय फरशी? ही फरशी मी घातलीय! पाणी टाकून बघितलेली!" आणि पुढचं बोलणं खोकल्यात गेलं. ती पाठीवर हात फिरवत राहिली. खोकला थांबला, तेव्हा तो स्टुलावर बसला होता आणि मान खाली होती.

"तुला कळलं होतं ना?"

"कळलं."

"मग फरशी का म्हणालीस?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

मग तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "उलटवता आली नाही. दोनदा हात घातला. दोन्ही वेळा डोळ्यांपुढं अंधारी. म्हटलं, वरनंच मारून घेऊ, पातळ मारू, काय एवढं ओढतंय." त्यानं वर राहिलेल्या चाकाकडं बघितलं. "माहीत होतं ओढणार. जोडतानाच कळत होतं."

"मला हाक मारायची."

"तुला मारली असती, तर भावालाही मारावी लागली असती. मग जाळी लावताना बेकरीवाल्याला मारली असती. कुणाकुणाला मारू?"

तो हिशोब बरोबर होता, आणि तोच तर ती इतके दिवस मनात करायचं टाळत होती.

दीर आला, त्यानं गाडी हलवून बघितली, आणि पहिल्यांदाच थट्टा केली नाही. "सोपं आहे दादा. डावीकडचे दोन जोड कापू, सरळ करू, परत मार. मी धरतो."

"कापतो मीच."

"मी कापतो ना, तू बसून सांग."

"तू टेम्पो चालव." त्यानं ग्राइंडर उचलला. ठिणग्यांची शेपटी अंगणात गेली, एक जोड अर्धा कापला गेला, आणि ग्राइंडर फिरत फिरतच त्याच्या हातातून खाली आला. भावानं पायानं वायर ओढून काढली म्हणून निभावलं. तिनं नवऱ्याचं तोंड बघितलं. ओठ जांभळे पडले होते. डोळे मात्र चाकावरच होते.

दवाखान्यातून तो परत आला तो नाकात नळी घेऊन. बरोबर ऑक्सिजनचं एक घुमणारं यंत्र, ते दिवसरात्र चालू ठेवायचं. नळी पलंगापासून न्हाणीघराच्या दारापर्यंत पुरायची, आणि दुसरीकडं ताणली तर जेमतेम खिडकीतल्या खुर्चीपर्यंत. शेडपर्यंत पुरत नव्हती. आणि पुरली असती, तरी तिथं ठिणगी पाडायची नाही, नळीतल्या ऑक्सिजननं आग भडकते, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं होतं.

यंत्र ठेवायला स्टूल लहान पडलं. दिरानं न विचारता शेडमधून गाडी आणली. अर्धवट कापलेला जोड तसाच होता.

"त्यावर नको," नवरा पलंगावरून म्हणाला. "ती माझ्या मशीनची जागा आहे."

दिरानं तरीही ठेवलं. यंत्र तिरक्या कप्प्यात फिट्ट बसलं. त्यावरचे आकडे न वाकता दिसत होते. नळीचा गुंडाळा केबलच्या हुकाला अडकवला गेला. तो बघत राहिला आणि मग त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

तेव्हापासून गाडी ती ढकलते. मूठ त्याच्या कोपराच्या मापाची. तिच्या छातीला येते, खांदे भरून येतात. पलंगाकडून खुर्चीकडं, खुर्चीकडून पलंगाकडं. थांबलं की टक. तिनं पँटच्या कापून उरलेल्या कापडाची घडी करून त्या चाकाखाली सरकवायला सुरुवात केली. पण गाडी हलवली की घडी मागं राहते, मग ती वाकून उचलते आणि पुन्हा घालते.

"भाऊजी म्हणत होते, नीट करून देतो म्हणून," एकदा ती म्हणाली.

"राहू दे."

त्याच आठवड्यात ती बेकरीत पाव आणायला गेली. मागच्या दाराला नवी जाळी बसली होती. बेकरीवाल्यानं नजर चुकवून दोन पाव जास्त घातले, आणि तिनं ते काढून परत ठेवले. जाताना तिनं जाळी जवळून बघितली. जोड गोळ्यागोळ्यांचे, मध्येच भोकं, कडेला वितळलेले थेंब घासलेसुद्धा नव्हते.

घरी आली तेव्हा तो खुर्चीत होता. पाव बघूनच त्यानं ओळखलं, कुठून आली ते.

"जाळी लागली?"

"लागली."

"जोड कसे आहेत?"

फरशीचं तिच्या लक्षात होतं. या वेळी तिनं खरं सांगितलं. "घाण आहेत. गोळे नुसते. घासलेही नाहीत."

तिला वाटलं, आता चिडेल, शिव्या घालेल, कुणी केलं ते विचारेल. तेवढंही तिला पुष्कळ होतं. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"चालतं," तो म्हणाला. "दाराला काय, तेवढं पुरतं."

आणि खिडकीबाहेर बघायला लागला. तिनं पाव ठेवले, यंत्र जरा त्याच्या जवळ ढकललं आणि चाकाखाली घालायची घडी शोधायला खाली वाकली.