छातीशी धरलेली कॅसेट

"थांब बाई, डब्याला जरा ऊब येऊ दे," असं म्हणत मावशी एक्स-रेची कॅसेट पदराखाली घ्यायची आणि तान्ह्या लेकराला धरावं तशी छातीशी धरून उभी राहायची.

त्या काळी तुम्ही छातीचा फोटो काढला असेल, तर तो गारठा तुम्हाला आठवत असेल. कॅसेट म्हणजे पत्र्याची सपाट, जड पेटी, आत फिल्म. उघड्या छातीनं तिला चिकटून उभं राहायचं. थंडीत माणूस दचकून मागं सरकायचा आणि फोटो हलायचा. मावशीनं ऊब दिली की कुणी हलत नसे.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. जालन्यात मस्तगडाला आमच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. मशीन मी चालवायचो, आणि आलेल्या माणसांना नीट उभं करायचं काम मावशीचं. ती मूळची धावड्याची. लवकर विधवा झालेली, मूलबाळ नाही. सगळा दवाखाना तिला मावशी म्हणायचा.

"श्वास धर. धरून ठेव. मी सांगंल तवा सोड," हा तिचा हुकूम. एकदा पिंपळगावच्या एका शेतकऱ्याला श्वास धरायला लावून ती दारात दूधवाल्याशी भांडायला गेली. फोटो कधीच झाला होता. गडी मात्र लालबुंद होऊन तसाच उभा! "मावशी म्हणल्या न्हाईत ना, सोड म्हणून," तो नंतर म्हणाला.

फोटो धुऊन आला की ती डॉक्टरांच्या मागून डोकावायची. बघून बघून तिला त्यातलं बरंच कळायला लागलं होतं. फोटो वाईट असला की तिचा एकच प्रश्न असे, "लेकरं हाईत का हिला?"

एकदा जुन्या कॅसेटचं झाकण सैल झालं आणि हैदराबादहून नवी मागवली. आत उजेड शिरत नाही ना, ते पाहण्यासाठी कुणाच्या तरी छातीचा फोटो काढून बघ, असं डॉक्टर म्हणाले.

"माझी काढ की," मावशी म्हणाली. "जल्म गेला, माझा फोटो कुणी काढला न्हाई."

तिनं तोंड धुतलं, केस नीट बसवले. मशीनसमोर उभी राहून म्हणाली, "हसू का रे?"

"मावशी, यात तोंड येत नाही."

"न येऊ दे. हसलेलं बरं."

लाल दिव्याच्या खोलीत मी फिल्म धुतली. कॅसेट चोख होती, कडा स्वच्छ आल्या होत्या. खुशीत ओली फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. दोन्ही फुप्फुसांत वरच्या बाजूला पांढरे डाग, आणि उजवीकडं चांगला मोठा खड्डा.

ती खोकायची, हे आम्हाला ठाऊक होतं. पण दिवसभर खोकणाऱ्यांत वावरणाऱ्या बाईचा खोकला वेगळा कोण ऐकतो?

तेवढ्यात ती चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देता देता तिची नजर पेटीवर गेली.

"अगं माय! हिचं तर लई पुढं गेलंय. कुठली हाय ही? लेकरं हाईत का हिला?"

तिनं फिल्मकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"माझं हाय?"

मी मान डोलावली. ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, "बरं झालं, लेकरं न्हाईत." आणि लगेच ताडकन उठली. "आरं, पर ते डबे! माझ्या छातीचे डबे मी समद्यांना लावून राह्यले की रे! कालचं ते लेकरू..."

डॉक्टर धावत आले. त्यांनी समजावलं, की क्षय पत्र्यानं पसरत नाही, खोकल्यानं पसरतो. तुलाच तो पेशंटांकडून लागला असणार.

"मंग मी बी त्यांच्या तोंडावरच खोकत व्हते ना, डॉक्टरसाहेब?"

मी तिथंच उभा होतो, हातातल्या चहावर साय धरली होती.

डॉक्टरांनी तिच्यासाठी औरंगाबादच्या इस्पितळात खाट मिळवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला न्यायला गेलो तर खोलीला कुलूप. कुणाला न सांगता ती धावड्याला गेली होती.

इंजेक्शनं घेऊन डॉक्टर आणि मी तिकडं गेलो. भावाच्या घरात पोरं होती म्हणून ती शेताच्या टोकाला खोप करून एकटी राहत होती. आम्हाला पाहताच तिनं तोंडाला पदर लावला.

"तिथंच थांबा!"

डॉक्टर थांबले नाहीत. तिनं मुकाट्यानं सुई टोचून घेतली. "फरक पडंल का?" असं विचारलं. "पडेल," डॉक्टर म्हणाले, पण तिच्याकडं न बघता. तिला पुढच्या सुया कशा टोचून घ्यायच्या, ते सगळं भावाला सांगून ठेवलं. तरी पुढचा पावसाळा तिनं पाहिला नाही.

त्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा ऊन टळटळीत होतं. पाहुणे तसेच चाललेले पाहून ती लगबगीनं रांजणाकडं गेली, तांब्या भरला आणि हात पुढं करून आमच्याकडं यायला लागली. अर्ध्यावर आली आणि थबकली. तांब्या तिनं हळूच मातीत ठेवला आणि शेजारच्या शेतातल्या विहिरीकडं बोट केलं.

"तिकडं प्या, बाबा. ते पाणी चांगलं हाय."