गाळा आणि लॅपटॉप

लोडशेडिंगनं त्या काळी सगळ्यांचेच हाल केले होते, पण लग्नसराईत माझे जरा जास्तच व्हायचे. केजच्या बाजारात सासऱ्यांच्या किराणा दुकानाला लागून त्यांचाच एक अरुंद गाळा होता. तिथं संगणकावर मी लग्नपत्रिका तयार करून द्यायची. मजकूर टाईप करून सजवायचं काम माझ्याकडे, छपाई पलीकडच्या छापखान्यात. आता आमच्याकडची पत्रिका म्हणजे नवरानवरीपेक्षा भावकीचं प्रकरण. पाचसहा माणसं यायची, माझ्या मॉनिटरला गराडा घालायची आणि कोणत्या काकाचं नाव वर आणि कोणत्या मामाचं खाली, यावर तिथंच भांडायची. एकदा अख्खी दुपार भांडून नावं एकदाची लागली आणि मी सेव्ह करायच्या आत लाईट गेली. यूपीएसनं दोनदा टीं टीं केलं आणि तोही गप्प झाला. लाईट आल्यावर मंडळी पुन्हा पहिल्यापासून भांडायला बसली, आणि नव्या दमानं, कारण मधल्या वेळात चहा पिताना एकाला आणखी एक चुलता आठवला होता.

ते गेल्यावर मला रडू फुटलं. माझा नवरा वडवणीकडच्या एका शाळेत मास्तर, शनिवारी घरी यायचा. त्याच्यापुढं मी सगळं गाऱ्हाणं मांडलं. पुढच्या शनिवारी तो पेपरात आलेली जाहिरात घडी घालून घेऊनच आला. नुकताच बाजारात आलेला लॅपटॉप, त्यातलाही सगळ्यात भारीतला.

"बॅटरीवर चालतोय. लाईट गेली तरी तुझं काम थांबणार न्हाई," तो म्हणाला. "घेऊन टाकू."

मी एवढा भारी कशाला, म्हणाले खरी. पण ती जाहिरात मी पुढचा आठवडाभर उशाखाली ठेवली, आणि शनिवारी तो आला तेव्हा त्याला ती तिथंच सापडली.

बीडला आम्ही दोघं एसटीनं गेलो. जाहिरातीतल्या दुकानात एसी होता आणि मालक इतका गोड बोलायचा की काही घेतलं नाही तर पाप लागेल असं वाटावं. त्यानं लॅपटॉप उघडून माझ्यापुढं ठेवला. काय सांगू! माझ्या जुन्या की-बोर्डवर निम्मी अक्षरं पुसलेली, दोन बटणं हाणल्याशिवाय दबायची नाहीत. इथं बोट टेकवलं की काम झालं. मराठी फॉण्ट टाकलेला नव्हता, त्यामुळं मी टाईप केलं 'चि. सौ. कां.' आणि उमटलं भलतंच इंग्रजी गबाळ. तरी मला तो आवडला. मनापासून हवासा वाटला.

मग मालकानं तो मिटला, काखेत धरला आणि दोन पावलं चालून दाखवलं. "बघा म्याडम, कसा वहीसारखा! आता तुमाला दुकानाची गरजच न्हाई. ओट्यावर ठेवायचा. भाजी फोडणीला टाकली की एक पत्रिका, कुकरची शिट्टी झाली की दुसरी."

नवरा खुशीत हसला. मीही हसले, पण पुन्हा हात लावायला तो मागितला नाही. विचार करून कळवतो म्हणालो आणि निघालो.

परतीच्या गाडीत तो हप्त्यांचं बोलत होता आणि मी खिडकीबाहेर बघत गाळ्याचा विचार करत होते. त्या गाळ्यात मला लोक 'म्याडम' म्हणायचे. खेड्यातली पागोटेवाली म्हातारी माणसं मी हो म्हणेपर्यंत मजकूर पक्का धरायची नाहीत. हॉटेलातून आलेला चहा मला बसल्या जागी मिळायचा, आणि तो मी केलेला नसायचा. सकाळी चप्पल घालून बाहेर पडताना मी कुठं चालले, हे कोणी विचारायचं नाही, कारण मी कामाला चालले होते. घरी हेच काम केलं असतं तर पहिल्याच दिवशी कोणीतरी म्हणालं असतं, घरीच हायेस तर जरा दळण टाकून ये. आणि मी टाकून आलेही असते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

घरी आलो तेव्हा आप्पा, म्हणजे सासरे, संध्याकाळची लिंगपूजा आटोपून ओसरीवर बसले होते. नवऱ्यानं उत्साहानं सगळं सांगितलं. आप्पा खूश झाले.

"लई ब्येस. पोरगी उन्हातान्हात जायची थांबंल. घरी बसून निवांत काम करंल. गाळा मोकळा झाला की मी तिथं सरकीची पेंड टाकतो. दुकानात पोत्यांला जागाच न्हाई."

वाईट कोणीच नव्हतं, हीच तर पंचाईत होती. सगळे माझ्या सुखाचंच बघत होते आणि सगळे मिळून मला प्रेमानं घरात आणून बसवत होते. तेव्हाच माझं ठरलं.

"लॅपटॉप नको," मी म्हणाले.

नवरा चकित झाला. "कावून? तुला आवडला व्हता की!"

"लई आवडला. तरी नको. जुनाच संगणक ऱ्हाऊ द्या आन् त्याला मोठा इन्व्हर्टर बसवा, दोन बॅटऱ्यांचा."

"अगं, त्ये धूड कशाला? ह्यो कुठंबी नेता येतोय."

"म्हणूनच नको. ह्यो घरी आला की मी बी घरी येणार."

आप्पांच्या तोंडावर बोलायची माझी ही पहिलीच वेळ.

"मग आमी काय कोंडून ठिवतोय व्हय तुला?" आप्पा दुखावल्यासारखे म्हणाले.

"न्हाई आप्पा. तुमी कदीच न्हाई ठिवणार. पण गाळा गेला की मला कामाला जायला जागा उरत न्हाई. मला गाळ्यातच बसायचंय."

आप्पांनी पोराकडं पाहिलं. पोरानं खाली पाहिलं. माझ्या बाजूनं तो बोलला नाही, पण त्यांच्या बाजूनंही बोलला नाही, आणि त्या घडीला मला तेवढं पुरे होतं. मग आप्पा म्हणाले, "आन् माझी पेंड? ती कुठं ठिवू?"

"घरात ठिवा," मी म्हणाले. "तिला चालतंय."